धनेशाचा सिनेमा आणि गुरुवारची सुट्टी

आमच्या घरात माणसं तीन आणि सुट्ट्याही तीन. नवऱ्याची गुरुवारी, लेकीची रविवारी आणि माझी मंगळवारी. नवरा चाकणला गाड्यांच्या सीट शिवणाऱ्या कंपनीत सुपरवायझर आहे. आमच्या पट्ट्यातले बरेच कारखाने गुरुवारी बंद असतात. विजेची टंचाई होती तेव्हा कधीतरी वारांची ही वाटणी झाली आणि टंचाई सरली तरी वाटणी राहिली. लेकीची शाळा रविवारी बंद. मी मोशीजवळच्या एका दोन पडद्यांच्या थिएटरची मॅनेजर, त्यामुळे लोकांना सुट्टी असते तेव्हा मला काम असतं. मंगळवारी थिएटरकडे फारसं कुणी फिरकत नाही, म्हणून तो वार माझ्या वाट्याला आलेला.

मी तिथे लागले ती तिकीटखिडकीवर. लग्नानंतर नगर जिल्ह्यातून इकडे आले, बी.कॉम. झालेलं होतं, घराजवळ काहीतरी हवं होतं. पुढे आधीचे मॅनेजर सोडून गेले आणि मालकांनी मलाच त्यांच्या टेबलावर बसवलं. मालक इथल्या जुन्या गावचे. शेत रस्त्यात आणि प्लॉटिंगमध्ये गेलं, उरल्या तुकड्यावर त्यांनी थिएटर बांधलं. सत्तरी ओलांडली होती, तरी रोज सकाळी येऊन जिन्याखालच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायचे आणि आत जाणाऱ्या माणसांकडे बघायचे. सिनेमा आत जाऊन त्यांनी क्वचितच पाहिला असेल. पण कुठला चालणार आणि कुठला पडणार, याबद्दल त्यांचं मत तयार असे.

"ताई, पिच्चरला बाप आला पायजे," ते म्हणायचे. "बाप आला का मागनं समदं घर येतं. पोरांच्या पिच्चरला बाप येत न्हाई, म्हून त्यो पडतो."

मला ते पटायचं नाही. मुलं हट्ट करतात, आईबाप येतात, असा माझा हिशेब. त्यामुळे त्या वर्षीच्या उन्हाळ्यात वितरकाच्या माणसाचा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं. परदेशी सिनेमा होता, हिंदीत डब केलेला, अंतराळात गेलेल्या तीन उंदरांचा. जाहिरात जोरात होती. पाववाल्याच्या पुड्यांवरसुद्धा ते उंदीर छापलेले होते.

"मॅडम, शाळांना सुट्टी, बाहेर ऊन आणि आत एसी," वितरकाचा माणूस म्हणाला. "आणखी काय पाहिजे? मोठा पडदा द्या."

मी मोठा पडदा दिला. दारात माणसाच्या उंचीचे पुठ्ठ्याचे तीन उंदीर उभे केले. पॉपकॉर्नचा मका जास्तीचा मागवला. पहिल्या शुक्रवारी दुपारच्या खेळाला अकरा माणसं आली. शनिवारी थोडी वाढली. रविवारी निम्मं थिएटर तरी भरेल असं वाटलं होतं, तेही भरलं नाही. सोमवारी दुपारी सेकंड शिफ्टला जाणारी चार पोरं तिकीट काढून आत गेली. मला बरं वाटलं. मध्यांतरात जाऊन बघते तर चौघंही पाय लांब करून झोपलेली.

मालकांनी पुठ्ठ्याच्या उंदरांकडे बघून फक्त चहा मागवला.

सिनेमा का पडला, ते मला त्या आठवड्याच्या मंगळवारी कळलं. सुट्टी होती, मी सोसायटीच्या जिन्यात उभी होते आणि कसलाच आवाज नव्हता. एरवी त्या जिन्यात सायकली, बॅट, भांडणं, कुणाचं तरी रडणं. त्या दिवशी एक मूल नाही. आमच्या इमारतीत लातूरचे, बीडचे, जळगावचे, चिपळूणकडचे लोक राहतात. परीक्षा संपल्या की बायका मुलांना घेऊन गावी जातात, जूनमध्ये परततात. मे महिन्यात या पट्ट्यात नुसते पुरुष उरतात, खानावळीत जेवणारे. मुलांचा सिनेमा आणला होता आणि मुलंच इथे नव्हती. सगळ्यात वाईट म्हणजे माझी स्वतःची लेक तेव्हा पंधरा दिवसांपासून आजोळी होती. रोज फोनवर तिच्याशी बोलत होते, तरी माझ्या डोक्यात हे आलं नाही.

मी मालकांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. "आमी तर इथलंच," ते म्हणाले. "आमाला गावाला जावंच लागत न्हाई. म्हून ध्यानात येत न्हाई."

त्यानंतर दिवाळी झाली, आणि थंडीत तो दुसरा सिनेमा आला. त्याची जाहिरात जवळजवळ नव्हतीच. आपल्याकडच्याच काही लोकांनी केलेला कार्टूनपट, मराठीत, आणि पोस्टरवर एका झाडाचं खोड, त्यात एक फट, फटीसमोर एक मोठी पिवळी चोच. कुणा नटाचा चेहरा नाही, नाव नाही. धनेश पक्ष्याची गोष्ट होती. धनेशाची मादी अंडी घालताना झाडाच्या ढोलीत बसते आणि ढोलीचं तोंड चिखलाने बंद करून घेते. फक्त एक फट ठेवते. नर बाहेरून फळं आणतो आणि त्या फटीतून चोचीने आत देतो. सिनेमातलं पिल्लू त्या ढोलीत जन्मतं आणि त्याला बाप माहीत असतो तो फक्त एक चोच म्हणून. चोच येते, खायला देते, निघून जाते.

वितरकाने आग्रह केला नाही. "एक आठवडा चालवा, मग उतरवा," म्हणाला. लहान पडद्यावर सकाळी साडेअकरा आणि दुपारी अडीच असे दोन खेळ दिले. मुलांचा सिनेमा म्हटला की तो सकाळी-दुपारी लावायचा, असा आमच्या धंद्यात रिवाजच आहे. त्या वेळी मुलं शाळेत असतात, ही गोष्ट इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आली नव्हती. रविवारी बऱ्यापैकी माणसं आली, बहुतेक आया आणि मुलं. सोमवारपासून खुर्च्या मोकळ्या. शुक्रवारी तो उतरायचा हे ठरल्यासारखंच होतं.

गुरुवारी सकाळी खिडकीवरची मुलगी उशिरा येणार होती म्हणून मीच तिथे बसले होते. चाळिशीचा एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला तेल, हातात पिशवी नाही, सोबत कुणी नाही.

"एक द्या. लहान पडद्याचं."

"तो मुलांचा सिनेमा आहे," मी म्हटलं. "मोठ्यांचा पिक्चर बाराला आहे, पलीकडे."

"माहीत आहे. त्याचंच द्या."

मी तिकीट दिलं, पण मनात शंका आली. एकटा पुरुष माणूस मुलांच्या सिनेमाला कशाला येईल? आत त्या वेळी फक्त एक आजी होती, बालवाडीतली दोन नातवंडं घेऊन. आमच्या दारावर आळंदीहून बसने येणाऱ्या एक मावशी असतात, पंचावन्नच्या पुढच्या. मी त्यांना म्हटलं, "मावशी, जरा लक्ष ठेवा त्या माणसावर." हे आठवलं की मला अजून लाज वाटते.

मध्यांतरात मावशी बाहेर आल्या. "बाई, तो माणूस काही करत नाही. नुसता बघतोय. पुढे वाकून बघतोय."

तो चहाच्या काउंटरवर उभा होता. मी गेले आणि सहज विचारल्यासारखं केलं, "मुलांना नाही आणलं?"

"लेक रविवारी येऊन गेली, तिच्या आईसंगं," तो म्हणाला. बोलणं मराठवाड्याकडचं होतं. "तवापासून मला चोच म्हनायलीय."

"चोच?"

"मी फाउंड्रीत आहे, भोसरीला. शिफ्ट बदलत राहती. फस्ट असली की ती उठायच्या आत मी घराबाहेर, सेकंड असली की मी येईस्तोवर ती झोपलेली. रविवारी मला ड्युटी. तर परवा म्हने, आई, चोच येऊन गेली का? आईनं विचारलं, कोन चोच? तर म्हने, पप्पा." तो चहाच्या कपात बघत होता. "तिची आई हसली. मीबी हसलो. पन मग वाटलं, ही चोच काय भानगड आहे ते बघावं तरी."

मी त्याला चहाचे पैसे देऊ दिले नाहीत, तेवढंच सुचलं.

सिनेमा संपल्यावर आजी नातवंडांना घेऊन गेल्या, पण तो बाहेर येईना. मी दारातून डोकावले. पडद्यावर सिनेमा करणाऱ्यांची नावं सरकत होती आणि तो ती सगळी वाचत बसला होता. बाहेर आल्यावर त्याने आधी कूलरपाशी जाऊन तोंड धुतलं. मग माझ्याकडे आला.

"मॅडम, संध्याकाळी आहे का हा?"

"नाही. उद्या उतरतोय."

"संध्याकाळी असता तर तिला घेऊन आलो असतो. तिची शाळा साडेपाचला सुटती. मला सुट्टी आजचीच." थोडं थांबून म्हणाला, "तिच्याशेजारी बसून बघायचा होता. असू द्या."

तो जायला निघाला. मी त्याला थांबवलं. खरं तर त्या क्षणी मला आमचं घर दिसत होतं. नवरा त्या वेळी घरीच होता, गुरुवार म्हणून. गिरणीतून दळण आणणार, बँकेत जाणार, दुपारी पडणार. लेक संध्याकाळी शाळेतून येणार, गृहपाठाला बसणार. दोघं एका घरात असतील, पण एकत्र काही करायला ती संध्याकाळ आहे, असं आमच्यापैकी कुणाच्या मनात कधी आलं नव्हतं. आणि नऊ वर्षांच्या माझ्या लेकीसोबत मी एकदाही सिनेमा पाहिला नव्हता. ती थिएटरवर यायची ती माझ्या टेबलाखाली चित्रं काढत बसायला.

मी त्या माणसाला घेऊन जिन्याखाली मालकांकडे गेले आणि म्हटलं, "मालक, आज सहाचा खेळ धनेशाचा लावू या. लहान पडद्यावर."

"सहाला हिंदी पिच्चर हाय की."

"त्याचा तिसरा आठवडा आहे. काल सहाला बावीस माणसं होती."

"पन ती येत्यात. तुझ्या पाखराला कोन यिल?"

"तुम्हीच म्हणता ना, बाप आला पाहिजे? बापाला आज सुट्टी आहे. आणि सहापर्यंत शाळा सुटलेल्या असतात. आठवड्यातली ही एकच वेळ आहे, मालक. आपण त्यांना सकाळी बोलावतोय."

मालकांनी खुर्ची जरा पुढे ओढली. मग त्यांनी त्या माणसाकडे बघितलं. "तुमी सकाळच्याला एकलंच बसला हुता न्हवं? कसा हाय?"

"चांगला आहे," तो म्हणाला. "माझ्या लाइनवर आमच्या गावाकडचे दहा-बारा जन आहेत. समद्यांना लेकरं आहेत. फोन करू का?"

"माणसं न्हाई इचारत. घरं किती येत्याल?"

"सात-आठ तर येतील."

"लाव," मालक मला म्हणाले. "पडला तर मला सांगाया यिऊ नगंस."

वितरकाच्या माणसाला फोन केला. उद्या उतरणारच असलेल्या सिनेमाबद्दल त्याला फारसं काही वाटत नव्हतं, त्याने लगेच होकार दिला. तोवर तो माणूस पार्किंगमधल्या कडुलिंबाखाली उभा राहून एकामागून एक फोन लावत होता. काचेतून मला त्याचे हातवारे दिसत होते. एकदा त्याने हाताची चोच करून दाखवली, फोनवरच्या माणसाला.

मग मी नवऱ्याला फोन केला. "सहाला लेकीला घेऊन इकडे ये. शाळेतून तशीच आण, गणवेशात."

"का, काय झालं?"

"काही नाही. सिनेमा बघायचा आहे."

"कार्टून आहे ना ते? मी काय करू तिथे?"

"बस," मी म्हटलं. "तेवढंच कर."

पावणेसहापासून मोटरसायकली यायला लागल्या. पुढे टाकीवर एक मूल, मागे बायको, बायकोच्या मांडीवर आणखी एक. गणवेशातली मुलं, पाठीला दप्तरं, गळ्यात पाण्याच्या बाटल्या. एकाच्या दप्तराला ओल्या मातीचा डाग होता आणि त्याची आई ते पदराने पुसत होती, जणू लग्नाला आले आहेत. सकाळचा तो माणूस लेकीचा हात धरून दारात उभा होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला आत सोडत होता, जसा यजमानच. लेक तिसरीतली असेल. ती वडिलांना सांगत होती, "पप्पा, सुरुवातीला घाबरायचं नाही हं, अंधार असतो."

थिएटर पूर्ण भरलं नाही. लहान पडद्याच्या निम्म्यापेक्षा जास्त खुर्च्या भरल्या. पण गुरुवारी संध्याकाळी त्या पडद्यासमोर इतकी माणसं मी पाहिली नव्हती. नवरा आणि लेक आली, मी त्यांना मधल्या रांगेत बसवलं आणि दाराकडे वळले तर मावशी म्हणाल्या, "बाई, दार मी बघते. तुम्ही बसा." मी म्हटलं, तिकडे मोठा पडदाही आहे. "तिकडे मारामारीचा आहे, त्याला कुणी लागत नाही," मावशी म्हणाल्या आणि मला हाताने आत ढकललं.

मी लेकीशेजारी बसले. सिनेमात एक जागा आहे. दोन दिवस चोच येत नाही. ढोलीत आई आणि पिल्लू, फटीतून उजेड येतो आणि जातो, बाहेर नुसता वारा. कसलंही संगीत नाही. त्या शांततेत पुढच्या रांगेतून एका लहान मुलाचा आवाज आला, "येईल. डबल ड्युटी लागली असेल."

माणसं हसली. माझा नवराही हसला. मग ते हसू हळूहळू थांबलं. शेवटी आई ढोलीचं तोंड फोडते आणि पिल्लू पहिल्यांदा बाहेर येतं. खाली फांदीवर पंख दुखावलेला एक पक्षी बसलेला असतो. पिल्लू त्याला ओळखत नाही. तो जवळ सरकतो आणि चोच पुढे करतो.

लेकीने माझ्याकडे पाहिलं नाही, बापाकडे पाहिलं. त्याने नजर पडद्यावरच ठेवली होती.

बाहेर आल्यावर तिने त्याला विचारलं, "पप्पा, तुम्ही कंपनीत नक्की काय करता?"

"सीट शिवतो. म्हणजे मुली शिवतात, मी बघतो."

"कसल्या सीट?"

तो पार्किंगमध्ये इकडेतिकडे बघू लागला. एक पांढरी गाडी उभी होती. त्याने मोबाइलचा उजेड काचेवर धरला आणि तिला उचलून दाखवलं. "ती शिवण दिसते का? दोन धाग्यांची, कडेने गेलेली? ती आमच्या लाइनवरची. ती सरळ यायला माणसाला तीन महिने शिकावं लागतं." लेक काचेला नाक लावून बघत राहिली. तेवढ्यात गाडीचा मालक आला आणि संशयाने थांबला. नवरा ओशाळला. मी मध्ये पडून सांगितलं तेव्हा तो गृहस्थ हसला, त्याने दार उघडलं आणि लेकीला सीटवर बसू दिलं.

शुक्रवारी धनेश उतरला नाही. मालकांनी स्वतःच सांगितलं, "आठ दिस ठिवू." मग आणखी आठ. सकाळचे खेळ आम्ही बंद केले आणि फक्त रविवारचे दोन व गुरुवारचा सहाचा ठेवला. एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात बातमी जात होती. दुसऱ्या गुरुवारी भरलं, तिसऱ्या गुरुवारी खुर्च्या कमी पडल्या. पुढे वितरकाचा फोन आला. आवाजात थोडा संशय होता.

"मॅडम, हा बाकी सगळीकडे पहिल्याच आठवड्यात पडला. तुम्ही काय केलंत?"

मी गुरुवारचं सांगितलं. तो ऐकत राहिला. "हे मी वर सांगितलं तर कुणाला पटणार नाही," म्हणाला. "त्यांच्याकडे सगळ्या महाराष्ट्राला रविवारचीच सुट्टी असते."

चौथ्या गुरुवारी खेळ सुटल्यावर एक तरुण मुलगी मागच्या रांगेत एकटीच बसून राहिली होती. नावं संपली, दिवे लागले तरी उठली नाही. या वेळी मी मावशींना काही सांगितलं नाही, स्वतःच गेले.

"बरं नाही वाटत का?"

"नाही, ठीक आहे," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "यात माझं नाव होतं. फार छोटं. तुम्हाला दिसलं नसेल."

ती ताथवड्याला राहायची. ज्या स्टुडिओत हा सिनेमा झाला तिथे तिने दोन वर्षं काम केलं होतं. मी विचारलं, तुम्ही काय काढलं? पक्षी?

"साल," ती म्हणाली. "झाडाची साल. आणि ढोलीचा चिखल. तो वाळतो, भेगा पडतात, पावसाने ओला होतो. पाच महिने मी फक्त तेच केलं." तिने डोळे पुसले, पण रडण्याचा सूर नव्हता. "प्रदर्शित झाला त्या दिवशी आम्ही पुण्यात पाहायला गेलो. थिएटरमध्ये नऊ माणसं. नऊच्या नऊ आमच्याच स्टुडिओतली. दुसऱ्या आठवड्यात स्टुडिओ बंद झाला. आता मी एका कंपनीसाठी सुरक्षिततेचे व्हिडिओ करते. हेल्मेट घाला, हात मशीनमध्ये घालू नका, तसले. कुणीतरी सांगितलं, मोशीला अजून चालू आहे. मला खोटं वाटलं."

मी तिला जिन्याखाली नेलं. मालकांना सांगितलं की ही सिनेमा करणाऱ्यांपैकी आहे. मालकांनी तिला आपली खुर्ची दिली. ते खुर्ची कुणाला देत नाहीत.

"तो चिकूल तू केलास?" त्यांनी विचारलं. तेव्हाच मला कळलं की मालकांनी कधीतरी, मला न सांगता, आत बसून सिनेमा पाहिला आहे.

"हो."

"खरा वाटतो. आमी लई चिकूल बघितलाय." एवढंच म्हणून त्यांनी चहा मागवला. ती मुलगी हसली. जाताना तिने मला विचारलं, की असं दुसरीकडे झालं असतं तर स्टुडिओ वाचला असता का. मी तिला रस्त्यापर्यंत सोडायला गेले.

पाच गुरुवारांनंतर माणसं कमी झाली आणि धनेश उतरला. ज्यांना पाहायचा होता त्यांनी पाहिला होता.

मला वाटलं, आता आपल्याला गुपित सापडलं. मार्चमध्ये हत्तींच्या लग्नाचा एक मोठा सिनेमा आला. गाणी होती, रंग होते, ओळखीच्या नटांचे आवाज होते. मी वितरकाला ठणकावून सांगितलं की मला गुरुवारचा सहाचा खेळ हवा, मोठ्या पडद्यावर. त्यानेही या वेळी ऐकलं. भोसरीच्या त्या फाउंड्रीवाल्यालाही मी फोन करून कळवलं. त्याने लेकीचाही नमस्कार सांगितला आणि म्हणाला, बघतो मॅडम.

गुरुवारी साडेपाच वाजले, पावणेसहा वाजले. पार्किंगमध्ये पाच-सहा मोटरसायकली. मी दारात उभी राहून रस्त्याकडे बघत होते आणि कंपन्यांच्या बसगाड्या जाताना दिसत होत्या, भरलेल्या. गुरुवारी बसगाड्या का धावतात, असा प्रश्न पडला आणि त्याच वेळी नवऱ्याचा फोन आला.

"मी येत नाही. ओव्हरटाइम लागला. वर्षाचा शेवट आहे, डिस्पॅच पूर्ण करायचाय. या महिन्यात गुरुवार नाहीच."

दरवर्षी मार्चमध्ये हेच होतं. मी दरवर्षी त्याचा डबा गुरुवारीही भरते. त्या दिवशी सकाळी भरलाही होता.

शेजारीण लेकीला सोडून गेली. थिएटरमध्ये सगळी मिळून वीसएक माणसं असतील. मी मालकांकडे गेले आणि म्हटलं, "चुकलं माझं. मार्च महिना विसरले. रद्द करू का? पैसे परत देते त्यांना."

"आल्यात न्हवं ती?" मालक म्हणाले. "मग? चालू कर."

मी प्रोजेक्टरवाल्याला खूण केली आणि लेकीशेजारी जाऊन बसले. तिच्या दुसऱ्या बाजूची खुर्ची मोकळी होती, तिच्यावर तिने दप्तर ठेवलं. सिनेमा खरंच चांगला नव्हता. हत्ती सारखे नाचत होते आणि नाचून झालं की ओरडत होते. मार्च नसता तरी तो पडला असता की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. मध्यांतरात दोन कुटुंबं निघून गेली.

"तुला आवडतोय का?" मी लेकीला विचारलं.

तिने थोडा विचार केला. "बोअर आहे," ती म्हणाली. "पण थांबू या. तू बसली आहेस ना."

मी तिला पॉपकॉर्न आणून दिलं. मोठ्या पडद्याला त्या दिवशी एसी जरा जास्तच लागला होता, म्हणून तिने पाय वर घेऊन माझ्या ओढणीत गुंडाळले. शेवटच्या गाण्याच्या आधी ती झोपली. मी मात्र हत्तींचं लग्न लागेपर्यंत पाहिलं.